शिरपामाळावरचा यजमान कोण?

जव्हारला आलेला पर्यटक हनुमान पॉइंट पाहतो, जयविलास राजवाडा पाहतो आणि शिरपामाळावर फोटो काढून परत फिरतो. हा माळ म्हणजे एकेकाळचा लष्करी तळ. १६६४ साली सुरतेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांच्या फौजेने इथे मुक्काम केला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी महाराजांना मानाचा शिरपेच दिला, अशी परंपरा आहे. त्यावरूनच माळाचे नाव पडले.

पाहुणा कोण, हे सर्वांना ठाऊक. पण यजमान? मुकणे हे आदिवासी कोळी राजघराणे. चौदाव्या शतकापासून १९४८च्या विलीनीकरणापर्यंत त्यांचे संस्थान टिकले. आदिवासींना केवळ 'जंगलातले लोक' समजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. इथे आदिवासी राजा पाहुण्याचा मान राखत होता, दान मागत नव्हता!

कथा इथे संपत नाही. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी हेच जव्हार जिंकले. सतरा लाखांचा खजिना हाती लागला, विक्रमशहांना परागंदा व्हावे लागले. शिरपेच आठवायचा आणि हे विसरायचे, हा इतिहास नव्हे.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापुढे उभे राहिले. तिथल्या दगडावर महार सैनिकांची नावे कोरलेली होती, म्हणून एका समाजाला आपला पराक्रम पुन्हा सापडला. नाव कोरलेले असले की माणूस पुसता येत नाही. शिरपामाळावर तळ पडला तेव्हा लाकूडफाटा कोणी आणला, घाटवाट कोणी दाखवली? त्यांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत.

त्याच मातीतले वारली, कातकरी, कोकणा आज दिवाळी सरली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरे कुपोषणाने दगावली, तेव्हा राज्याला जाग आली. मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायाबापड्या डोंगर उतरतात. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला, तरी हंडा डोक्यावरच आहे.

माळ सुशोभित जरूर करा. पण तिथे विक्रमशहांचे नाव ठळक लिहा, १६६४ बरोबर १६७२ही लिहा. आणि तो फलक वाचायला आदिवासी पोर वीटभट्टीवर नव्हे, शाळेत असले पाहिजे. शिरपेच देणाऱ्यांच्या लेकरांचे हे देणे आपण कधी फेडणार?