वाऱ्याने दिलेला पत्ता

सीएफसी-११ हा ओझोनचा थर पोखरणारा वायू. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार २०१०पासून त्याचे उत्पादन जगभर थांबायला हवे होते, आणि कागदोपत्री ते थांबलेही. हवा मात्र वेगळे सांगत होती.

अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेचे स्टीफन मॉन्त्झका आणि त्यांचे सहकारी हवाई बेटांवरच्या मौना लोआसह जगात अनेक ठिकाणी हवेचे नमुने मोजत होते. २०१२नंतर या वायूचे प्रमाण घटण्याचा वेग जवळपास निम्म्यावर आला. जुन्या फ्रीजमधला वायू झिरपत असेल, अशी एक शंका होती. पण उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतली तफावतही वाढत होती. दोन्ही गोलार्धांतली हवा मिसळायला साधारण वर्ष लागते, त्यामुळे वायू जिकडे सुटतो तिकडे तो जास्त सापडतो. वार्षिक उत्सर्जन सुमारे १३ हजार टनांनी वाढले असून या वाढीचा उगम बहुधा पूर्व आशियात आहे, असे त्यांनी २०१८मध्ये मांडले.

नेमका माग लागला तो दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर. तिथल्या गोसान केंद्रात समुद्रावरून वारा आला की आकडा स्थिर राही. चीनकडून आला की उसळे. संगणकावर ते वारे उलटे चालवून मॅट रिग्बी, सनयंग पार्क आणि सहकारी २०१९मध्ये मुख्यतः शांतुंग आणि हपेई या प्रांतांपर्यंत पोहोचले. तिथल्या वार्षिक उत्सर्जनातली वाढ होती सुमारे ७ हजार टन.

हा वायू लागत होता पॉलियुरेथेन (पीयू) फोम फुगवायला. तो साधारण २४ अंशांना उकळतो, फोम छान फुगतो, आणि पर्यायी रसायनांपेक्षा तो स्वस्त पडे. थंडी अडवणाऱ्या भिंतींसाठी फोमला मागणी प्रचंड. पण असा एक टन वायू म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबात सुमारे ५ हजार टन कार्बन डायऑक्साइड. ७ हजार टनांचे साडेतीन कोटी होतात!

चीनने तपासण्या केल्या, बेकायदा कारखाने बंद केले, आणि २०१९पर्यंत उत्सर्जन झपाट्याने खाली आले. हे यश खरे आहे आणि ते मोजणाऱ्यांचे आहे, असे मला वाटते. मोजमाप नसते तर करारावर सह्या तेवढ्या उरल्या असत्या. अर्थात, भिंतींत बसलेल्या फोममधून वायू पुढची कित्येक वर्षे झिरपत राहील.

जागतिक वाढीपैकी पत्ता लागला तो किमान ४० ते ६० टक्क्यांचा, सगळ्या वाढीचा नव्हे. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका यांचा बराच भाग गोसानसारख्या केंद्रांच्या टप्प्याबाहेर होता. सीएफसींच्या जागी आलेले एचएफसी वायू घटवणाऱ्या, मॉन्ट्रियल करारातल्याच किगाली दुरुस्तीला भारत आणि चीन या दोघांनीही २०२१मध्ये मान्यता दिली. तिच्या पडताळणीलाही अशीच केंद्रे लागतील. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो आणि हिवाळ्यात जमिनीवरून. गोसानला जो फरक कामी आला, तो इथे दरवर्षी आपसूक मिळतो.