भुईमुगाची शेंग कुठं लागते?

आज हप्त्याचं, व्याजाचं, बँकेच्या चकरांचं काही बोलणार नाही. आज आमच्या खेळाविषयी सांगणार आहोत.

आमच्या बचत गटात आम्ही चौदा जणी. दर महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा व्हायचे आणि वहीत नोंदी होईपर्यंत बाकीच्या नुसत्या बसून असायच्या. खरं सांगायचं तर त्या वेळात कुणाच्या तरी सुनेचा नाहीतर सासूचा विषय निघायचा. एकदा आमच्यातल्या एकीची मुलगी स्कॉलरशिपचं पुस्तक घेऊन तिथंच अभ्यासाला बसली होती. तिनं सहज विचारलं, "आई, महाराष्ट्रात जिल्हे किती?" आईला येईना. शेजारणीला येईना. दहावी झालेल्या दोघी होत्या, त्यांची दोन उत्तरं झाली.

मग आम्ही पुस्तकाचं पान उलटू दिलं नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा २६ जिल्हे होते, एवढं एकीला पक्कं ठाऊक होतं. त्यापुढचे आपण मोजू म्हटलं. एक मावशी म्हणाल्या, "माझं लग्न झालं तेव्हा माहेरच्या पत्त्यावर जिल्हा उस्मानाबाद लिहायचे. पुढं लातूर लिहायला लागले." झाला एक. एकीची नणंद जालन्याला दिलेली, तो आधी औरंगाबादेत होता. कोकणातून आलेली एक वहिनी म्हणाली, आमचा सिंधुदुर्ग रत्नागिरीतून निघाला. अशी ज्या त्या बाईच्या माहेराची, नणंदेची, ऊसतोडीला गेलेल्या गावाची आठवण काढत गाडी पुढं सरकली. चंद्रपुरातून गडचिरोली, अकोल्यातून वाशीम, धुळ्यातून नंदुरबार, परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. अंगणवाडीच्या भिंतीवर नकाशा होता, पण तो जुना, त्यात पालघर ठाण्याच्याच पोटात. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. बोटं मोजली तर ३५ भरले. एक कुठं गेला? अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी जिचा नवरा मुंबईला गिरणीत होता ती म्हणाली, "अगं, मुंबईत दोन आहेत, शहर वेगळं आणि उपनगर वेगळं." उपनगर जिल्हा १९९० साली झाला. झाले ३६. त्या मुंबईत आमच्यापैकी कुणाचंच माहेर नाही, म्हणून तो राहिला.

पुस्तकात उत्तर एका आकड्याचं होतं. पण तो आकडा आम्ही सगळ्यांनी मिळून काढला होता, म्हणून आज कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी चौदा जणी सांगतील. त्या दिवसापासून बैठकीनंतर एक तास प्रश्नांचा ठरला.

आता तुम्ही म्हणाल, हे तर टीव्हीवरच्या करोडपतीसारखं. ती गोडी आहेच. अमरावती जिल्ह्यात शाळेच्या पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बबिताताई ताडे २०१९ साली 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी रुपये जिंकल्या. महिन्याला दीड हजार मानधनावर काम करणारी बाई! आम्ही सगळ्या टीव्हीसमोर बसून होतो. पण टीव्हीवर एकटीला खुर्चीत बसावं लागतं. आमच्याकडे दोन बाजू असतात, सात सात जणींच्या. लिहिता-वाचता न येणारी प्रत्येक बाजूला निदान एक हवीच, हा नियम. सगळं तोंडी चालतं. प्रश्न दोनदा वाचायचा, आपसांत बोलायला वेळ द्यायचा, मग एकीनं उत्तर सांगायचं. चुकलं तर गुण कापत नाही. सुरुवातीला कापत होतो. मग लक्षात आलं, की गुण जातील या भीतीनं ज्यांना माहीत असतं त्याही गप्प बसतात. कापणं बंद केलं तशी तोंडं उघडली.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली, ती सांगायलाच हवी.

पहिल्या वर्षी नियम होता, प्रश्न काढणारीच्या वहीतलं उत्तर शेवटचं. एका बैठकीत प्रश्न आला, "भुईमुगाच्या शेंगा झाडाच्या कोणत्या भागाला लागतात?" आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी, कधी शाळेची पायरी न चढलेल्या, लगेच म्हणाल्या, "फुलाला." आम्ही हसलो. फूल वर, शेंग मातीत, ती फुलाला कशी लागेल? आजी सांगायला लागल्या, "फूल वाळलं की आरी सुटते, ती जमिनीत शिरते..." पण वहीत लिहिलं होतं 'मुळांना'. गुण दुसऱ्या बाजूला गेला. आजी गप्प झाल्या.

पुढच्या बैठकीला आजींचा हप्ता नातवाच्या हाती आला. आजी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. गुडघे दुखत असतील, असं आम्ही धरून चाललो.

प्रश्न काढणारी आमच्यातलीच. ती शेजारच्या रानात भांगलायला गेली होती, तिथं तिनं एक झाड मुळासकट उपटलं आणि बघतच राहिली. खोडाच्या तळाशी, पानांच्या बगलेत पिवळी फुलं, आणि तिथूनच दोऱ्यासारख्या आऱ्या निघून मातीत गेलेल्या. आरीच्या टोकाला शेंग. मुळांवर शेंग एकही नव्हती. तिथं होत्या बारीक बारीक गाठी, आणि त्यांचं काम वेगळंच. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून पिकाला देतात. म्हणून तर भुईमुगानंतरचं पीक जोमात येतं असं आपण म्हणतो.

ते झाड घेऊन आम्ही पाच-सहा जणी आजींच्या घरी गेलो. आजी म्हणाल्या, "गुणाचं काय गं, पण मी उगाच ठोकून देते असं तुम्हाला वाटलं." मग त्यांनीच आम्हाला विचारलं, "आऱ्या सुटल्या की कोळपं घालत नाही, ते का? रिकामं पिंप का फिरवतो रानातून?" कोळप्यानं आऱ्या तुटतात म्हणून नाही घालायचं, आणि पिंप फिरवलं की आऱ्या मातीत नीट घुसतात म्हणून फिरवायचं. आमच्यातल्या निम्म्या जणींनी स्वतः पिंप फिरवलेलं होतं. उत्तर आमच्या हातात होतं आणि आम्ही वहीत बघत होतो.

आजी पुन्हा यायला लागल्या. नियम त्याच दिवशी बदलला. आता वहीतलं उत्तर कुणालाही अडवता येतं. अडवलं की तो प्रश्न 'थांबला' म्हणायचं, आणि पुढच्या बैठकीपर्यंत दोन्ही बाजूंनी खात्री करून यायचं. खात्रीसाठी शाळेची पाठ्यपुस्तकं आहेत. पिकांसाठी कृषी विद्यापीठांची कृषी दैनंदिनी आहे. मराठी विश्वकोश तर मोबाईलवर फुकट वाचता येतो, आपल्या साताऱ्याच्या वाईत त्याचं काम उभं राहिलं. आणि रानातलं असेल तर सरळ झाड उपटून बघायचं. याच थांबलेल्या प्रश्नातून आम्हाला पुढं हेही कळलं, की गाजर आणि मुळा ही मुळं, पण बटाटा हे जमिनीतलं खोड आणि कांदा म्हणजे पानांचेच जाड थर. चाळीस वर्षं कांदा चिरतोय, पण हे ठाऊक नव्हतं!

मोबाईलवर आलेलं मात्र आम्ही तसंच धरत नाही. आपलं राष्ट्रगीत जगात सर्वांत चांगलं म्हणून युनेस्कोनं जाहीर केलं, हा निरोप आमच्या गटातल्या प्रत्येकीला निदान चारदा आला असेल. युनेस्कोनं तसं काही जाहीर केलेलं नाही. राष्ट्रगीताचा मान आपल्याला आहेच, त्याला खोट्या शिक्क्याची गरज काय? हॉकीचंही तेच. राष्ट्रीय खेळ कोणता, तर हॉकी, असं आम्ही शाळेत पाठ केलं होतं. २०१२ साली एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात सरकारला हेच विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, की कोणताच खेळ तसा जाहीर केलेला नाही. दहा वर्षांची पोर, पण प्रश्न विचारायचा कुणाला हे तिला बरोबर कळलं.

काही वेळा उत्तर चुकत नाही, प्रश्नच अर्धवट असतो. 'भारतातली पहिली महिला डॉक्टर कोण?' या प्रश्नावर आमच्याकडे जेवणवेळ टळेपर्यंत वाद झाला. एका बाजूचं उत्तर आनंदीबाई जोशी. दुसरीचं रखमाबाई. आनंदीबाईंनी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली, पण क्षयानं खंगून परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. बावीस वर्षांच्याही नव्हत्या. रुग्ण तपासायची संधी त्यांना मिळालीच नाही. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी काम केलं. रखमाबाई त्यांच्यानंतरच्या. लहानपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात लढल्या, लंडनला शिकल्या, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायकांच्या दवाखान्यात राबल्या. पहिली पदवी कुणाची, की पहिल्यांदा रुग्ण कुणी तपासले, हे प्रश्नातच सांगायला हवं. आम्ही त्या दिवशी गुण कुणालाच दिला नाही. पण या तीन बायकांबद्दल जेवढं बोलणं झालं तेवढं शाळेत कधी झालं नव्हतं.

तोळ्याचंही असंच. तोळा म्हणजे किती ग्रॅम? आजी म्हणाल्या, सव्वाअकरापेक्षा जास्त, साडेअकराच्या वर. सून म्हणाली, दहा. दोघी बरोबर. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि आता सराफ बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणतात. सासूच्या वेळचे 'दोन तोळे' आणि आजचे दोन तोळे यांत तीन ग्रॅमहून जास्त फरक पडतो. सोनं गहाण ठेवताना किंवा वाटणी करताना तोळ्यात बोलू नका, ग्रॅममध्ये वजन लिहून घ्या.

उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचं, हे आम्हाला हळूहळू जमलं. येत नाही म्हणून लगेच सोडायचं नाही, शेजारून सुरुवात करायची. नक्की काय नाही, ते आधी बाजूला काढायचं. कुणाला आठवण असते, कुणाला हिशेब येतो, कुणी तो मुलूख पाहिलेला असतो. आणि मोठ्यानं बोलायचं. मनातल्या मनात ठेवलेलं अर्धं उत्तर कुणाच्याच उपयोगाला येत नाही, बोललं की दुसरी ते पुरं करते. जिल्ह्यांच्या वेळी तसंच झालं.

प्रश्न नुसते पुस्तकातले नकोत, असंही ठरलं. प्रत्येकीनं एक प्रश्न आपल्या कामातला आणायचा. कोंबडीची अंडी किती दिवसांत फुटतात? एकवीस. शेळी किती महिने गाभण असते? पाच. गाय नऊ आणि म्हैस दहा महिन्यांच्या आसपास. या प्रश्नांवर आमच्या पदवीधर सुना सपशेल हरतात आणि आम्हाला त्याचा फार आनंद होतो.

एक प्रश्न मात्र खेळात राहिला नाही. 'ग्रामसभेचे सभासद कोण?' उत्तर, गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण. म्हणजे आपणही. पुढचा प्रश्न त्याला जोडूनच निघाला, ग्रामसभेच्या आधी काय घ्यावं लागतं? महिलांची वेगळी सभा. पंचायतीत बायकांना आधी एक तृतीयांश जागा होत्या, १९९३ पासून. महाराष्ट्रानं २०११ साली त्या निम्म्या केल्या. हे सगळं आम्हाला येत होतं, गुणही मिळाले. मग आजींनीच विचारलं, "ती बायकांची सभा आपल्या गावात कधी झाली?" कुणालाच आठवेना. पंचायतीत विचारलं तर कळलं, झाली होती, रजिस्टरला नोंद आहे. सह्याही आहेत. आमच्यातल्या दोघींच्या नावापुढंही सही होती, आणि त्यांतल्या एकीला सही करताच येत नाही, ती अंगठा लावते.

पुढच्या सभेची तारीख आम्ही लेखी मागितली. त्या दिवशी चौदा जणी गेलो, आणखी गल्लीतल्या बायकांना घेऊन गेलो. पाण्याच्या टाकीचा विषय त्या सभेत आम्ही मांडला. टाकी अजून झालेली नाही, पण विषय इतिवृत्तात आला आहे आणि त्याखालच्या सह्या-अंगठे आमचे स्वतःचे आहेत.

आता तुमच्या गटासाठी तीन प्रश्न देतो, बैठकीत घ्या. महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं? कळसूबाईचं शिखर किती मीटर उंच? आणि आजींनी दिलेला, केळीचं झाड एकदा घड दिला की पुन्हा घड का देत नाही? पहिल्या दोनांची उत्तरं ताम्हण आणि १६४६ मीटर. तिसऱ्याचं तुमच्यातल्या कुणाला तरी नक्की येत असेल, तिला आधी बोलू द्या.