अपस्मार आणि विनोद : हास्याच्या मर्यादांचे एक सामाजिक विवेचन

बीजशब्द : अपस्मार, कलंकभावना, गुप्तता, हास्यरस, उपहास

प्रस्तावना

अपस्मार हा मेंदूचा दीर्घकालीन विकार आहे. मराठी समाजात तो फीट, फेफरे, आकडी, मिरगी अशा अनेक नावांनी ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान आणि नियमित औषधोपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांवाचून जीवन जगू शकतात, असेही ही संघटना सांगते. म्हणजेच हा आजार दुर्मीळ नाही आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तो आटोक्यात ठेवता येतो. तरीही तो घराच्या चार भिंतींआड दडवला जातो. या लपवण्यामागे आजाराचे भय जितके असते तितकेच लोकांत हसे होण्याचेही असते. वेडेवाकडे नाचणाऱ्याला किंवा संतापाने थरथरणाऱ्याला ‘फीट आली की काय?’ असे विचारून हशा पिकवण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. अपस्मारावर विनोद करावा की करू नये, आणि केल्यास तो कोणत्या कसोटीवर पारखावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजाराचे स्वरूप

मेंदूतील चेतापेशी परस्परांना सूक्ष्म विद्युत-संदेश पाठवीत असतात. एखाद्या भागातील असंख्य पेशी एकाच वेळी अनावर संदेश सोडू लागल्या की झटका येतो. तो भाग ज्या क्रियेशी निगडित असेल तिच्यावर झटक्याचे रूप अवलंबून असते. सर्वांग ताठ होऊन हातपाय झाडणे हा त्याचा केवळ एक प्रकार होय. काही रुग्णांचे फक्त बोट किंवा ओठ थरथरतात. काही जण भान हरपून ओठ चाटतात, कपडे चाचपतात किंवा असंबद्ध बोलतात. एखादे मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते आणि वर्गातील शिक्षकांना ते दुर्लक्ष वाटते. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या २०१४ च्या व्याख्येनुसार, तात्कालिक कारणावाचून चोवीस तासांहून अधिक अंतराने किमान दोन झटके आल्यास, अथवा एका झटक्यानंतर पुनरावृत्तीचा संभव पुरेसा अधिक असल्यास, अपस्माराचे निदान केले जाते.

जन्मसमयी प्राणवायूची कमतरता, डोक्याला इजा, पक्षाघात, मेंदूतील जंतुसंसर्ग, डुकरांतील पट्टकृमीच्या अळ्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी आणि आनुवंशिक दोष ही त्याची प्रमुख कारणे आहेत. जवळपास निम्म्या रुग्णांत मात्र निश्चित कारण सापडत नाही. हा आजार संसर्गजन्य नाही, वेडही नाही. परंतु तो निरुपद्रवीही नाही. पाण्यात, रस्त्यावर किंवा चुलीजवळ आलेला झटका प्राणावर बेतू शकतो. अपस्माराच्या प्रौढ रुग्णांत दर हजारी सुमारे एकाचा वर्षाकाठी आकस्मिक मृत्यू होतो, आणि झटके अनियंत्रित असल्यास हा धोका वाढतो. पाहणाऱ्याला जी विचित्र हालचाल वाटते, ती रुग्णाच्या दृष्टीने देहावरचा ताबा सुटण्याची घटना असते, हे विनोदाचा विचार करताना नजरेआड करता येत नाही.

झटका आणि गुप्तता

बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत ओसरतात. दोन झटक्यांच्या मधले आयुष्य मात्र दीर्घ असते. ठरलेल्या वेळी गोळी घेणे, जागरण व उपास टाळणे, एकट्याने न पोहणे अशी पथ्ये त्या आयुष्यात असतात. भारतात वाहनपरवाना मिळवताना शारीरिक पात्रतेच्या घोषणापत्रात अपस्माराविषयी प्रश्न असतो. ही बंधने सोसता येतात. अधिक जड असते ते गुप्ततेचे ओझे.

विवाहाच्या प्रश्नात हे ओझे सर्वाधिक जाणवते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह अधिनियमात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहातील बाधा ठरवण्यात आली होती. विधिनियमाने या आजाराला वेडाच्या शेजारी बसवले होते. १९९९ च्या दुरुस्तीने हा उल्लेख काढून टाकण्यात आला. पुढे २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अपस्मार हा असाध्य रोग नाही आणि मानसिक विकारही नाही, असे नमूद करून त्या आधारावर घटस्फोट नाकारला. कायदा बदलला, पण रूढी त्या गतीने बदलली नाही. लग्नाच्या बोलणीत आजार सांगितला तर स्थळ हातचे जाते, म्हणून तो सांगितला जात नाही. सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या चुकतात किंवा थांबतात. लगीनघाईतील जागरणांची त्यात भर पडते. औषध अचानक थांबल्याने आणि झोप न झाल्याने झटका येण्याची शक्यता वाढते, आणि जे लपवले तेच चारचौघांत उघड होते. पुण्यातील ‘संवेदना’ या स्वमदत गटाने अपस्मार असलेल्या विवाहेच्छूंसाठी परिचयाची सोय केली, ती याच कोंडीवरचा उपाय म्हणून. आजार आधी सांगून जुळवलेल्या विवाहात गोळीची डबी लपवावी लागत नाही. यावरून गुप्तता हा केवळ मानसिक त्रास नसून उपचारातील प्रत्यक्ष अडथळा आहे, हे स्पष्ट होते.

हास्याविषयी भारतीय विचार

हसे होण्याच्या भयातून गुप्तता जन्मते, म्हणून हास्याच्या स्वरूपाकडे वळणे आवश्यक ठरते. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे विभाव सांगताना विकृत वेष, असंबद्ध बडबड यांबरोबर व्यंगदर्शनाचाही समावेश आहे. दुसऱ्याच्या शरीरातील वैगुण्य पाहून हसू येते, हे निरीक्षण इतके जुने आहे. परंतु त्याच ग्रंथात अपस्माराची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केलेली असून कंप, पतन, तोंडाला फेस येणे, जिभेने चाटणे ही त्याची लक्षणे बारकाईने नोंदवलेली आहेत. हा भाव करुण आणि बीभत्स रसांच्या परिवारात येतो; हास्याच्या व्यभिचारी भावांत त्याचा उल्लेख नाही. त्याच्या कारणांत देवयक्षादिकांची बाधा सांगितली आहे. ती कल्पना आज ग्राह्य नाही. मात्र कोसळणारा देह हा हसण्याचा विषय नव्हे, ही रसदृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले. स्वतः हसणे ते आत्मस्थ आणि दुसऱ्यास हसवणे ते परस्थ. ही विभागणी हास्य कोठे वसते एवढेच सांगते. प्रस्तुत प्रश्नासाठी आणखी एक गोष्ट विचारावी लागते. ती म्हणजे हास्य कोणावर आधारलेले आहे? रुग्णाच्या देहावर, आजाराभोवतीच्या अज्ञानावर, की प्रसंगातील विसंगतीवर? येथेच विनोद आणि उपहास यांच्या वाटा वेगळ्या होतात.

उपहासाची परिणती

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या चित्रमालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि ६८५ मुलांना रुग्णालयांत न्यावे लागले. पुढे १९९९ मध्ये ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी व्यंगमालिकेने या घटनेवर विनोद केला. त्यात जपानी कार्टून पाहता पाहता सारे कुटुंब जमिनीवर तडफडू लागते. विनोदाचा रोख दूरचित्रवाणीवर होता असे म्हणता येईल. पण हशा मिळतो तो तडफडणाऱ्या देहांतून. अशा विनोदातून थेट इजा होत नाही, तथापि झटका म्हणजे गंमत, हे समीकरण प्रेक्षकांच्या मनात रुजण्यास तो हातभार लावतो.

या समीकरणाचे टोक पुढील काळात दिसले. मार्च २००८ मध्ये अमेरिकेतील एपिलेप्सी फाउंडेशनच्या चर्चापीठावर काही अज्ञात व्यक्तींनी लुकलुकणारी चित्रे पसरवली. तेथे येणाऱ्या रुग्णांना त्रास व्हावा, हाच त्यांचा खेळ होता. डिसेंबर २०१६ मध्ये अपस्मार असल्याचे जाहीर केलेल्या कर्ट आयकनवाल्ड या अमेरिकी पत्रकाराला ट्विटरवर असेच चित्र पाठवण्यात आले व त्यांना झटका आला. या प्रकरणी मार्च २०१७ मध्ये एका व्यक्तीस अटक झाली. ब्रिटनने २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात अपस्माराच्या रुग्णांना इजा करण्याच्या हेतूने लुकलुकणारी चित्रे पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. प्रकाशामुळे झटका येणाऱ्यांचे प्रमाण अपस्माराच्या शंभर रुग्णांत सुमारे तीन इतकेच आहे. पण ‘थट्टा केली’ हे समर्थन कोठवर ताणले जाऊ शकते, हे या घटनांतून कळते.

रुग्णाने केलेला विनोद

याच्या उलट बाजूस रुग्णांचा स्वतःचा विनोद आहे. मेझी अ‍ॅडम या ब्रिटिश विनोदकर्त्या कलावतीने किशोरवयातील आपल्या अपस्मारावर आधारलेला ‘व्हेग’ हा एकपात्री प्रयोग २०१८ च्या एडिंबरा महोत्सवात सादर केला आणि तेथील सर्वोत्तम नवोदिताच्या पुरस्कारासाठी तिचे नामांकन झाले. झटका ज्याचा, कथनही त्याचेच असले की पाहणारे आणि पाहिला जाणारा यांचे नाते पालटते. झटक्याच्या वेळी रुग्णाला स्वतःचे काहीच सांगता येत नाही; नंतर केलेल्या विनोदात तो शब्द परत मिळवतो.

विनोदाला आपल्याकडेही विषयांची वाण नाही. झटका आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवणे, मुठीत किल्ल्या कोंबणे, दातांत चमचा घालणे असे उपाय आजही केले जातात. भानावर आल्यावर पहिला वास चपलेचा आला, असे एखादा रुग्ण हसत सांगतो, तेव्हा हशा अज्ञानाच्या खर्चाने होतो आणि ऐकणारा एक धडा शिकतो. तोंडात काही घालू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी, वेळ मोजावी आणि झटका पाच मिनिटांहून लांबल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे, हा तो धडा होय.

येथे दोन सावधगिरी आवश्यक आहेत. एक, रुग्ण स्वतःवर हसतो म्हणून इतरांना आपोआप परवाना मिळत नाही. कित्येकदा इतरांनी हसण्यापूर्वी आपणच हसून घ्यावे, या भीतीतून स्वतःची थट्टा केली जाते. दोन, सर्व रुग्णांची मनःस्थिती एक नसते. अनेक वर्षे झटका न आलेल्या व्यक्तीला जो विनोद मोकळे करतो, तोच आदल्या रात्री मुलाचा झटका पाहिलेल्या आईला घायाळ करू शकतो. माणूस, प्रसंग आणि जवळीक यांचे भान सोडून केलेला विनोद हेतू चांगला असला तरी फसतो.

न्यायालयाची भूमिका

दिव्यांगत्वावरील विनोदाचा विचार भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोरही आला. ‘आँख मिचोली’ या २०२३ च्या हिंदी चित्रपटासंबंधीच्या प्रकरणात, ८ जुलै २०२४ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने दोन प्रकारच्या विनोदांत भेद केला. दिव्यांगत्व समजून घेण्यास साहाय्य करणारा विनोद एक आणि दिव्यांग व्यक्तीला हीन लेखणारा विनोद दुसरा. त्या चित्रपटात अपस्माराचा प्रश्न नव्हता. तरी हा भेद अपस्मारालाही लागू पडतो. विषयावर बंदी न घालता विनोदाच्या परिणामाकडे पाहण्याची ही दृष्टी आहे.

समारोप

अपस्मारावर विनोद करावा की नाही, या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एकच उत्तर देणे योग्य ठरत नाही. सरसकट बंदी घातल्यास आजार पुन्हा कुजबुजीत जातो, आणि ज्यावर मोठ्याने बोलता येत नाही त्याचे उपचारही लपूनच होतात. सरसकट मुभा दिल्यास हसे होण्याचे भय वाढते आणि गोळीची डबी कपाटाच्या मागे सरकते. वरील विवेचनातून एक व्यवहार्य कसोटी हाती येते. कोणत्याही वर्गात, कार्यालयात वा लग्नघरात अपस्मार असलेली एखादी व्यक्ती न सांगता बसलेली असू शकते. विनोद झाल्यानंतर त्या व्यक्तीला ‘मला फीट येते’ हे सांगणे सोपे झाले की अवघड, हे पाहावे. सोपे झाले असेल तर त्या हास्याने औषधाला साथ दिली. अवघड झाले असेल, तर झटका आल्यावर काय करावे हे माहीत नसलेल्या माणसांत त्या व्यक्तीला एकटे सोडण्यास ते हास्यही कारणीभूत ठरते.