उघडे छप्पर आणि भरलेले आभाळ

छप्पर ही वस्तू माणसाने ऊन, वारा आणि पाऊस यांना बाहेर ठेवण्यासाठी शोधून काढली. पुढे त्याच छपराला खिडकी पाडून घेण्यासाठी तो जादा पैसे मोजू लागला. मोटारगाडीच्या छपरातली ही सरकती काच म्हणजे सनरूफ. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३७ साली अशा छपराच्या गाड्या विकायला काढल्या. थंड मुलखातल्या माणसाला उन्हाचे अप्रूप असणारच. पण ज्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथल्या गृहस्थाने ऊन आत घेण्यासाठी पैसे का मोजावेत? उत्तर सोपे आहे : मुलांनी हट्ट धरला, आणि शेजाऱ्यांच्या गाडीला ते होते! २०२३ साली आलेल्या ह्युंदाई एक्स्टरसारख्या लहान गाडीलाही ही काच मिळू लागली. तेव्हा ही काही केवळ धनिकांची चैन राहिलेली नाही.

प्रश्न उभा राहतो तो काच हलेनाशी झाल्यावर. गेल्या ज्येष्ठात आमचे एक सहकारी प्राध्यापक सहकुटुंब पांढरकवड्याहून यवतमाळला येत होते. वाऱ्यासाठी काच उघडली ती अर्ध्यावर जाऊन थांबली. बटण दाबले की चार बोटे पुढे यायची आणि पुन्हा मागे जायची. समोर आभाळ काळेकुट्ट झालेले. अशा वेळी पुरुषमंडळींचा पहिला उपाय ठरलेला असतो : जोर! प्राध्यापकांनी दोन्ही हात काचेला लावले, तोच वहिनी म्हणाल्या, "अहो, राहू द्या. मोडली तर आहे तेवढीही हलायची नाही." त्यांनी वाळवणासाठी घेतलेला प्लॅस्टिकचा कागद काढला, छपरावर अंथरला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. गाडी हळूहळू निघाली. पावसाचा जोर वाढला तेव्हा मंडळी एका पेट्रोल पंपाच्या आडोशाला थांबली. वहिनींच्या या शहाणपणाने किती खर्च वाचला, हे दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सांगितले.

काच दोन बाजूंच्या रुळांवरून सरकते आणि एक छोटी विजेची मोटर तिला तारांनी ओढते. काच ढकलली की एक बाजू पुढे, एक मागे राहते, तारेचे दाते झिजतात आणि काच तिरपी बसते. पुष्कळ गाड्यांत मग सुटा भाग मिळत नाही. सारा सांगाडाच बदलावा लागतो. काच मिटताना कोणाचे बोट अडकू नये म्हणून अडथळा लागताच ती मागे फिरते, अशी योजना अनेक गाड्यांत असते. प्राध्यापकांच्या गाडीत अडथळा होता तो रुळांतल्या धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा. मऊ फडक्याने रूळ पुसले, योग्य ते ग्रीस लावले, काच मुकाट्याने मिटली.

बॅटरी काढून पुन्हा बसवली तरी काच कधीकधी आपली जागा विसरते. बटण काही सेकंद दाबून धरून तिला ती पुन्हा शिकवता येते; रीत गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असते. काच मुळीच हलत नसेल तर आधी फ्यूज पाहावा, आणि बदलताना तितक्याच क्षमतेचा घालावा. काही गाड्यांत षट्कोनी किल्लीने हाताने काच मिटवण्याची सोयही असते.

दुसरे दुखणे गळतीचे. पाणी टपकू लागले की मालक रबराला दोष देतो. वास्तविक थोडे पाणी रबराच्या आत येणारच, हे धरूनच खाली पन्हळ केलेली असते. तिच्या कोपऱ्यांतून नळ्या निघतात आणि पाणी गाडीखाली सोडतात. गाडी कडुनिंबाखाली उभी असेल तर मोहोर आणि पाल्याने या नळ्या तुंबतात. कोपऱ्यात कपभर पाणी हळूच ओतावे. ते खाली पडले नाही तर नळी तुंबली असे समजावे. लोखंडी तार घालू नये, की जोराची हवा मारू नये. नळीचा सांधा निसटतो. बारीक नायलॉनची दोरी पुरते.

एक व्यवहाराची गोष्ट. नुसत्या झिजेने किंवा यांत्रिक बिघाडाने झालेले नुकसान साधारण मोटार विम्यात बसत नाही. वॉरंटीची मुदत मात्र जरूर पाहावी.

आणि एक गोष्ट पैशांपलीकडची. छपरातून डोके काढून मुले उभी राहतात आणि आईबाप कौतुकाने पाहतात. गाडीला अचानक ब्रेक लागला तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा न बांधता नेले तर कायद्याने १००० रुपये दंड आहे. पण दंड ही त्यातली सर्वांत स्वस्त शिक्षा होय.

आपली जुनी माणसे मृगाआधी कवेलू फेरून घेत, पन्हळीतला पाला काढत. छपराकडे वर्षातून एकदा तरी पाहावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या गाडीच्या छपराला तर खिडकी आहे! दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागतो आणि वाऱ्यावर तंतू उडतात. म्हणून घराची जळमटे काढाल त्याच दिवशी काचेचे रूळही पुसून घ्या, आणि मृगाआधी तो कपभर पाण्याचा प्रयोग करून पाहा. फडके आणि पाणी, एवढाच काय तो खर्च.