विषाचें वेष्टन आणि धान्याची कोठी

मूल व आसपासच्या गांवांतील शेतकऱ्याचें मुख्य पीक धान. रोवणी आटोपून बांध्या हिरव्या होतात न होतात तोंच गादमाशी, खोडकिडा व तुडतुडे यांचा उपद्रव सुरू होतो आणि घरोघर औषधाच्या बाटल्या येतात. ज्यास आपण औषध म्हणतों तें वस्तुतः विष होय. फवारणीच्या वेळीं घ्यावयाच्या काळजीविषयीं उपदेश पुष्कळ होतो. परंतु दुकानापासून बांधीपर्यंतच्या प्रवासांत व घरांतील मुक्कामांत त्या विषाची व्यवस्था कशी लागते, इकडे फारसें लक्ष जात नाहीं. शेतांत एकदांही फवारा न मारतां केवळ वेष्टनाच्या हयगयीनें केवढा अनर्थ होतो, हें दोन उदाहरणांवरून दिसेल.

सन १९५८ मध्यें केरळांत गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभराहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. पीठ मुळांत निर्दोष होतें. जहाजांतून येतांना त्याच्या शेजारीं पॅराथिऑन हें जहाल कीटकनाशक ठेविलें होतें. तें गळलें व पिठांत मुरलें. या प्रसंगानंतरच १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम झाले. दुसरें उदाहरण जुलै २०१३ मधील. बिहारच्या सारण जिल्ह्यांत शाळेंतील मध्यान्ह भोजन घेऊन २३ मुलें दगावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस सांपडलें. कीटकनाशकाच्या जुन्या डब्यांत तेल ठेविल्याचें प्राथमिक चौकशींत पुढें आलें. पहिल्या ठिकाणीं भरलेलें भांडें गळलें, दुसऱ्या ठिकाणीं रिकामें भांडें पुन्हां वापरांत आलें.

म्हणून पहिला नियम असा कीं, औषध मूळ वेष्टनांतून दुसऱ्या भांड्यांत कदापि काढूं नये. पुरी बाटली महाग पडते म्हणून दोघे-तिघे मिळून ती घेतात व आपापला वांटा दारूच्या किंवा पाण्याच्या बाटलींत भरून नेतात. यांत चार पैसे वांचतात खरे, पण वेष्टनावरील चिठ्ठी मागें राहते. आणि ती चिठ्ठी म्हणजेच विषाची ओळख. तिच्यावरील चौकोनांत खालच्या त्रिकोणाचा रंग तांबडा असल्यास विष अतितीव्र, पिवळा असल्यास तीव्र, निळा असल्यास मध्यम व हिरवा असल्यास सौम्य समजावें. हिरवा रंग म्हणजे निर्धोकपणाची ग्वाही नव्हे. विषबाधा झाल्यास उपाय काय, हेंही तेथेंच छापलेलें असतें. यास्तव रोग्याबरोबर ती चिठ्ठी दवाखान्यांत अवश्य न्यावी. वांटेकऱ्यांनीं एकत्र खरेदी करावयाची असेल तर लहान बंद बाटल्या घ्याव्या.

दुसरा नियम वाहतुकीचा. बाजाराच्या दिवशीं एकाच ट्रॉलींत ढेप, किराणा, बियाणें व औषध येतें. कीटकनाशकाचा खाद्यपदार्थाशीं किंवा जनावरांच्या चाऱ्याशीं संपर्क येऊं नये, असें १९७१ च्या नियमांत स्पष्ट आहे. बुचें घट्ट आहेत कीं नाहींत तें पाहून बाटल्या उभ्या, पेटींत व निराळ्या ठेवाव्या. सांडल्यास कोरडी माती टाकून तें टिपून घ्यावें. पाणी ओतून विष बोडींत वाहूं देऊं नये.

तिसरा नियम सांठवणीचा. औषधास कोरडी, हवेशीर व कुलुपाची जागा असावी. कोठीची खोली, स्वयंपाकघर व गोठा या तिन्ही जागा वर्ज्य होत. धानाच्या कोठारांत व गिरण्यांत धुरीसाठीं वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडविषयीं विशेष सावध राहावें. ओलावा लागतांच त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायु सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीपासून सुमारें एक ग्रॅम वायु निघतो. पावसाळ्यांतील दमट हवेंत अर्धवट उघडा डबा काय करील हें सांगावयास नको. हें द्रव्य राहत्या घरांत ठेवूंच नये. धुरीचें काम अधिकृत जाणत्याकडूनच करवावें.

शेवटीं रिकामी बाटली. ती तीन वेळां विसळून तें पाणी फवारणीच्या पंपांतच ओतावें. नंतर बाटली फोडून, विहीर, बोडी व वस्ती यांपासून दूर खोल पुरावी. धुतलेला डबा चांगला दिसतो, टाकवत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु त्यांतून तेल वाढणाऱ्या गृहिणीस त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, पाणी पिणाऱ्या मजुरासही नसतो. तो ठाऊक असतो एका धन्यासच. म्हणून डबा फोडण्याचें काम त्यानें दुसऱ्यावर न सोंपवितां स्वतःच्या हातानें पुरें करावें, अशी आमची वाचक बंधूंस आग्रहाची विनंति आहे.