प्रकाशकाकडची उमेदवारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले आणि मराठीच्या विद्यार्थ्यांपुढे प्रश्न उभा राहिला : जायचे कुठे? अनेकांना मग प्रकाशनसंस्था आठवते. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा मुंबईच्या गिरगाव-दादरमध्ये चार आठवडे उमेदवारी करायची, हा बेत चांगलाच. फक्त काही समजुती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवाव्यात.

गैरसमज : दिवसभर पुस्तके वाचायला मिळतात.
वस्तुस्थिती : वाचायला मिळतात ती प्रुफे, आणि ती वाचायची रीत वेगळी. गोष्टीत रमलात की डोळा अक्षरांवरून घसरलाच. पुष्कळ जुनी पुस्तके श्रीलिपीसारख्या टंकांत जुळवलेली आहेत. पुनर्मुद्रणासाठी तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात. त्यात सगळ्यांत फसवे ‘ऱ्य’. ‘आचाऱ्यांना बिदागी दिली’चे ‘आचार्यांना बिदागी दिली’ झाले, की स्वयंपाक्यांचे पैसे गुरुजींच्या खिशात जातात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, की सह्याद्रीत समुद्र शिरतो. संगणकाच्या शुद्धलेखन तपासनिसाला यात काहीच वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत. ही चूक माणसालाच पकडावी लागते, आणि नव्या उमेदवाराच्या हाती पहिल्यांदा दिले जाते ते बहुधा असलेच काम.

गैरसमज : माझे मराठी शुद्ध आहे, म्हणजे मुद्रितशोधन जमेलच.
वस्तुस्थिती : साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. ते हाताशी हवेतच, पण नियम कुठे लावायचा नाही हे कळणे जास्त अवघड. कथेतली म्हातारी ‘व्हतं’ म्हणत असेल, तर तिथे ‘होतं’ करणारा चूक सुधारत नाही, नवी चूक करतो. जुन्या लेखकाच्या मजकुरातले अनुच्चारित अनुस्वार ठेवायचे की काढायचे, हे संपादकाने ठरवायचे. उमेदवाराने समासात प्रश्नचिन्ह करावे. शिवाय शेवटच्या प्रुफात एक शब्द घातला तरी ओळ सरकते, कधी पान सरकते आणि अनुक्रमणिकेतला आकडा खोटा पडतो.

गैरसमज : पुस्तक किती पानांचे, हे फक्त मजकुरावर ठरते.
वस्तुस्थिती : ते फॉर्मवर ठरते. कागदाचा मोठा ताव छापून, घडी घालून, कापून पाने होतात. डेमी आकारात साधारणपणे १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे १६० पानांचे पुस्तक १० फॉर्मचे. मजकूर १६३ पानांवर गेला, तर तीन पाने आटोपती घ्यायची किंवा अर्धा फॉर्म वाढवून उरलेल्या पाच पानांचे काय करायचे ते बघायचे. काही पुस्तकांच्या शेवटी ‘आमची इतर प्रकाशने’ का असतात, त्याचे एक उत्तर इथे सापडते.

गैरसमज : आयएसबीएन मिळाला, म्हणजे कॉपीराइट मिळाला.
वस्तुस्थिती : आयएसबीएन ही पुस्तकाची ओळख पटवणारी संख्या. २००७ पासून ती १३ अंकी आहे आणि भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था ती विनामूल्य देते. तिचा दर्जाशी संबंध नाही, हक्काशीही नाही. कॉपीराइट लेखनाबरोबरच निर्माण होतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. प्रकाशकावर सक्ती आहे ती वेगळीच : १९५४ च्या कायद्यानुसार नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायच्या. ही पार्सले बांधणे हेही प्रकाशनाचेच काम.

गैरसमज : महिनाभरात संपादन शिकता येते, जमल्यास आपला कवितासंग्रहही पुढे सरकवता येतो.
वस्तुस्थिती : ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे संपादन आजही आठवले जाते, त्यामागे आयुष्यभराचे वाचन आणि लेखकांशी सतत चाललेला पत्रव्यवहार होता. एका हस्तलिखिताचे पुस्तक व्हायला अनेक महिने जातात. चार आठवड्यांत तुम्हाला त्याचा एखादाच टप्पा दिसेल. तो नीट बघा. कवितांची वही घरी ठेवा आणि कुणाच्या हस्तलिखिताचा फोटो मोबाइलवर काढू नका.

विद्यावेतन सगळीकडे मिळतेच असे नाही. ते मिळणार का, कुणाच्या हाताखाली काम करायचे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळेल का, हे आधीच विचारून घ्यावे. त्यात भिडस्तपणा नको. अर्ज मराठीतच लिहा आणि पाठवण्याआधी दोनदा तपासा. प्रकाशक तोही प्रूफ म्हणूनच वाचतो.