काढा मूत्रपिंड वाचवील काय?



बॅटरीच्या दुकानात, रंगकामावर, वेल्डिंगच्या शेडमध्ये किंवा लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारी करणाऱ्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो : "पुनर्नव्याचा काढा घे, मूत्रपिंडं साफ राहतात." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हा कमावत्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून त्यात खरे किती, हे पारखून घेतले पाहिजे.

धातू काय करतात?

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. शिसे, कॅडमियम आणि पारा रक्तातून तेथे पोहोचतात व गाळणीच्या नळीतील पेशींना मारतात. कॅडमियम एकदा साठले की १० ते ३० वर्षे निघत नाही. जपानमध्ये तोयामा भागात खाणीचे कॅडमियम नदीतून भातशेतीत उतरले. तेथील माणसांची मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे मोडू लागली. लोकांनी या रोगाला नाव दिले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली सरकारने त्याचे कारण मान्य केले. तोवर कित्येकांचे आयुष्य कण्हण्यात गेले होते.

उंदरांवरचे प्रयोग

पुनर्नवा (आपली घेटुळी), गोखरू म्हणजे सराटे, आवळा, लसूण, हळद, शेवगा यांच्या अर्कांवर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. उंदरांना शिसे, कॅडमियम किंवा पाऱ्याचे क्षार देऊन सोबत अर्क दिला, तेव्हा अनेक प्रयोगांत मूत्रपिंडाची हानी कमी दिसली. हे खोटे नाही. या वनस्पतींतील काही द्रव्ये पेशींची होरपळ रोखतात, असे त्यामागचे कारण सांगतात.

परंतु उंदराला अर्क मोजून, वजनाच्या हिशेबाने आणि बहुधा विषाच्या आधी किंवा बरोबर दिला जातो. आपला कामगार मात्र वर्षानुवर्षे धूळ-धूर पोटात घेतो आणि घरचा काढा कधी दाट, कधी पातळ पितो. अशा काढ्याने कामगाराची मूत्रपिंडे वाचतात, हे माणसांवरील मोठ्या व भरवशाच्या चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही.

झाडपाला म्हणजे निर्धोक नव्हे

आंबट बिलिंबीचे एक-दोन तुकडे कालवणात घातले तर बिघडत नाही. पण केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून तिचा कच्चा रस पिणाऱ्या १० जणांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडली. त्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. सापसंदाच्या कुळातील वनस्पतींत मूत्रपिंड कायमचे निकामी करणारे आम्ल असते. १९९३ मध्ये बेल्जियममधील वजन उतरवण्याच्या औषधांतून ते उघडकीस आले. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतील ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. धातूवरचा उपाय म्हणून धातूच गिळणे, यासारखी थट्टा नाही!

मग करायचे काय?

पहिले औषध म्हणजे धातूचा संपर्क तोडणे. पागाला लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या घरात, चुलीवर वितळवू नका. होडीचा जुना रंग कोरडा खरवडू नका, ओला करून मगच खरवडा. कामावरून आल्यावर हात-तोंड धुवा, कपडे बदला आणि ते वेगळे धुवा. कपड्यांवरची शिशाची धूळ लहान मुलांना अधिक बाधते. विडी सोडा, तंबाखूचे झाड मातीतले कॅडमियम ओढून घेते.

दुसरे, रिकाम्या पोटी कामावर जाऊ नका. उपाशी पोटी शिसे जास्त शोषले जाते. कॅल्शियम आणि लोह भरपूर असले की ते कमी शोषले जाते. म्हणून नाचणीची भाकरी, पालेभाजी, सुकी मासळी आणि वर आवळा, हे आपल्या घरचे स्वस्त संरक्षण आहे. मात्र मूत्रपिंड आधीच बिघडले असेल तर आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तिसरे, दुखण्याची वाट पाहू नका, कारण मूत्रपिंड निम्मे जाईपर्यंत कुरकुरत नाही. वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. डॉक्टरांना आपले काम नीट सांगा आणि शिशाशी संबंध असेल तर रक्तातील शिशाची तपासणी मागा. शिसे काढणारी औषधे असतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, आणि शिशाचे काम चालू ठेवून ती घेण्यात अर्थ नाही. घरात कोणताही काढा चालू असेल तर तोही डॉक्टरांपासून लपवू नका.

शिशाची विषबाधा १९४८ च्या कारखाना कायद्यातच सरकारला कळवण्याच्या रोगांत नोंदली गेली होती. तेव्हा मास्क, हातमोजे, धुण्याचे पाणी आणि वैद्यकीय तपासणी मालकाकडे मागणे ही भीक नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे. काढ्याचा पेला हातात देऊन हा हक्क कुणी विसरायला लावत असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारा : धूर कधी थांबणार?